माळावरचं स्टेशन

ते दोघं पहिल्यांदा आले तेव्हा मी रुळांना गंज लावत होते.

रूळ लाकडाचे होते. आधी काळा-करडा रंग, वरच्या धारेला शिशाच्या भुकटीची चकाकी, आणि बाजूंना गेरू, लाकडाचा भुसा आणि डिंक यांचा लगदा. तो ब्रशनं थोपटत थोपटत लावावा लागतो. सरळ फटकारा मारला की तो गंज न दिसता नुसता रंग दिसतो. मी गुडघ्यांवर बसून इंच-इंच पुढं सरकत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुठनं कुठवर जाती ही?"

वळून पाहिलं. पांढरंशुभ्र धोतर, खादीचा सदरा, काखेत छत्री असे एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांच्या मागं हिरव्या इरकली लुगड्यातल्या ठेंगण्या बाई. प्रश्न बाईंचा होता.

"त्या बाभळीपासून या ओढ्यापर्यंत," मी म्हणाले.

"आन् मग?"

"मग काही नाही. मग माळ."

बाई खुदकन हसल्या. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी छत्रीच्या टोकानं रुळावर हलकेच ठोकलं. लाकडाचा पोकळ आवाज आला. त्यांनी मान वर करून फलाट पाहिला, तिकिटांची खिडकी पाहिली, कौलारू छपराखाली टांगलेली घंटा पाहिली. मग बायकोला म्हणाले, "चला." आणि शेतातल्या पायवाटेनं ते निघून गेले. बाई मात्र दोनदा मागं वळल्या.

आज मला लोक प्रॉडक्शन डिझायनर म्हणतात. तेव्हा आमच्यात कला दिग्दर्शक एवढाच शब्द होता आणि मी तेही नव्हते. कीर्तनेसरांच्या हाताखाली मी बरीच वर्षं सहायक होते. देवळं, कचेऱ्या, तुरुंगाच्या कोठड्या, राजांचे महाल, काय काय उभारलं होतं. शूटिंग संपलं की संध्याकाळच्या आत सगळं मोडायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. तोवर मी बांधलेली एकही भिंत कुठं उभी नव्हती. घरी आई विचारायची, "तू केलेलं काहीतरी दाखव की एकदा." दाखवायला पडद्याशिवाय कुठं काही नव्हतं, आणि पडद्यावर नाव सरांचं असायचं.

मग सरांना मोठा हिंदी सिनेमा मिळाला. हातातला छोटा मराठी सिनेमा सोडताना ते निर्मात्याला म्हणाले, "हेमांगी करेल." इतकंच. मी हो म्हणायच्या आत माझं ठरलेलं होतं.

गोष्ट होती साठच्या दशकातल्या एका स्टेशनमास्तरची. दिवसाला एकच गाडी थांबते असं आडरानातलं स्टेशन. दिग्दर्शक निशिकांत पाळेकर हट्टी माणूस. खऱ्या स्टेशनांवर विजेच्या तारा, मोबाईलचे मनोरे. त्यांना चारी बाजूंना फक्त आभाळ हवं होतं. हिंडत हिंडत ते मराठवाड्यातल्या देवखडका गावच्या माळावर आले आणि म्हणाले, इथेच. तिथं चार दिशांना जमीन अशी पसरली होती की दुपारच्या उन्हात ती पाण्यासारखी हलायची. लांबची बैलगाडी जमिनीला न टेकता तरंगत येते आहे असं वाटायचं. ज्वारी काढून झाली होती. पळसाची दोन झाडं पेटल्यासारखी लाल होती, बाकी सगळं पिवळं.

त्या दोघांबद्दल मला आमच्या इस्माईल मेस्त्रींनी सांगितलं. ते गावातच खोली घेऊन राहत होते.

"ते वैजनाथ गुरुजी. सगळा तालुका त्यांना रेल्वे गुरुजी म्हणतो. तीस वर्षं झाली, या भागात रेल्वे आणा म्हणून भांडतायत. उपोषणं केली, मोर्चे काढले, दिल्लीला जाऊन आले. सगळे मंत्री ओळखतात त्यांना."

"आणि रेल्वे?"

मेस्त्रींनी रंध्याखालची साल फुंकून उडवली. "रेल्वे तुम्ही बांधताय की."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. ज्या माणसानं रेल्वेसाठी जन्म घालवला, त्याच्या दारात आम्ही प्लायवूडची रेल्वे आणून ठेवली होती.

दोन दिवसांनी निशिकांत सर सेट पाहायला आले. मी खूश होते. कौलांवर शेवाळ, भिंतींना ओल, कंदिलांवर काजळी, तिकिटाच्या खिडकीची कडा हात घासून गुळगुळीत झालेली. एकही गोष्ट सोडली नव्हती. सर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत आले. बाकावर बसले. उठले.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

मी श्वास सोडला.

"पण इथं कुणी कधी कुणाची वाट पाहिलेली नाही, हेमांगी."

"म्हणजे काय करू, सर?"

"ते मला माहीत असतं तर मी तुला कशाला बोलावलं असतं?" आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "पुढच्या आठवड्यात युनिट येतंय. नाही जमलं तर कीर्तनेंना दोन दिवस येऊन जायला सांगू."

गाडी धुरळा उडवत निघून गेली. मी बाकावर बसून राहिले. सर खोटं बोलले नव्हते. सगळं जुनं दिसत होतं आणि काहीच घडलेलं दिसत नव्हतं. एखाद्या म्हाताऱ्याचा मुखवटा घालून लहान मूल उभं राहावं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाई एकट्याच आल्या. डोक्यावर टोपलं, त्यात फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा आणि कांदा.

"दोन दिसांपून बघायलेय, तू जेवत न्हाईस," त्या म्हणाल्या. "खा. मी बसते तवर."

त्यांचं नाव गयाबाई. मी काकू म्हणू लागले. काकू बाकावर टेकल्या, पाय वर घेतले, भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. वारा पडला होता. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"मी गाडीत कधी बसले न्हाई," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "एस्टीनं तुळजापूर केलं, पैठण केलं. गाडी तेवढी ऱ्हायली."

"गुरुजी रागावलेत का आमच्यावर?"

"राग न्हाई आला त्यांना. घरी गेल्यावर जेवले न्हाईत. म्हणले, किती हुबेहूब केलंय." त्या उठल्या, टोपलं उचललं. "हुबेहूब हाय म्हणूनच तर."

त्या गेल्यावर मी उष्टं फडकं झटकलं आणि सहज भिंतीकडं पाहिलं. काकूंचं डोकं जिथं टेकलं होतं तिथं चुन्यावर खोबरेल तेलाचा एक डाग उमटला होता. तळहाताएवढा, कडेला फिकट होत गेलेला.

मी किती तरी वेळ त्या डागाकडं पाहत उभी राहिले. सगळ्या फलाटावर तेवढी एकच जागा खरी होती.

संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेले. ओसरीवर कंदील नव्हता की काही नव्हतं, साधा विजेचा दिवा, त्याच्याखाली ते पेपर वाचत बसले होते. मी सरळ सांगितलं. गावानं यावं. रोज यावं, बसावं, टेकावं, भांडावं, पोरांनी भिंतीवर नावं कोरावीत, बायकांनी लसूण सोलत बसावं. आठवडाभर ते स्टेशन गावानं वापरावं. पण गुरुजी नको म्हणाले तर गावातलं कुणी येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"म्हणजे गाडी येणार नाही, हे माहीत असून आम्ही फलाटावर बसायचं," गुरुजी म्हणाले.

मी मान डोलावली.

"ते तर आम्ही करतोच आहोत, बाई." त्यांनी पेपरची घडी घातली. "स्टेशनचं नाव काय ठेवलंय तुम्ही?"

"पिंपळदरी. कथेत तसं आहे."

"पिंपळदरी कुठं आहे?"

"कुठंच नाही. काल्पनिक."

"मग आमच्याच गावाचं नाव लिहा. देवखडका. ते लिहिलंत तर गाव येईल. पहिला मी येईन."

मी सरपंचांच्या घरून मुंबईला फोन लावला. निशिकांत सर पलीकडून म्हणाले, "लिही. नाव काय, संहितेत आपण बदलू."

पिवळी पाटी मी पुन्हा रंगवली. काळ्या अक्षरांत गावाचं नाव लिहून ती फलाटाच्या टोकाला उभी केली, तेव्हा दिवस कलला होता. गुरुजी बांधावरून येताना दिसले. पाटीसमोर थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. मी मुद्दाम पाठ वळवून डबे आवरत बसले.

त्यानंतरचे ते दिवस मला आजही एका लांबलचक स्वप्नासारखे आठवतात. पहिल्या दिवशी लोक लाजत आले, लग्नाला आल्यासारखे कडेकडेनं बसले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पानाची चंची उघडली. तिसऱ्या दिवशी दोन जावा बाकावरून भांडल्या. मग फलाट गावाचाच झाला. कापूस वेचून आलेल्या बायका गाठोडी टेकवून पाय लांब करायच्या. एका आजोबांनी खांबाला पाठ घासून घासून तिथला रंग उडवला. भिंतीला डोक्यांचे डाग पडत गेले, उंच माणसांचे वर, बायकांचे खाली, आणि एकमेकांत मिसळून भिंतीवर तेलकट सावल्यांची एक रांग तयार झाली. मी ब्रशला हातही लावत नव्हते. नुसती बघत होते.

आणि मग एक गंमत सुरू झाली. कुणी सुरू केली आठवत नाही. नवीन माणूस आलं की आधीचे विचारायचे, "कुठं निघालात?"

पहिले दोन-चार हसले. पण संध्याकाळच्या त्या उजेडात, सगळा माळ तांबूस होऊन हलत असताना, समोर रूळ पसरलेले असताना, माणसं हसता हसता खरं सांगायला लागायची. एकजण म्हणाला, समुद्र बघायला. एक पोरगी म्हणाली, नर्सिंगच्या कॉलेजात, आणि तिच्या आईनं तिच्याकडं चमकून पाहिलं. कुंभाराची म्हातारी म्हणाली, माझ्या माहेरी, पण तिथं आता वळखीचं कुणी न्हाई, तवा गाडीतून नुसतं बघंन आन् म्होरं जाईन. एक गडी म्हणाला, "कुठं बी. पण खिडकीपाशी." सगळे मान डोलवायचे. पुढचा प्रश्न कुणी विचारायचं नाही. उजेड गेला की सगळे उठून आपापल्या घरी जायचे, गाडी चुकल्यासारखे नाही, गाडीतून उतरल्यासारखे.

गुरुजी रोज यायचे. बसायचे नाहीत. पाटीजवळ छत्रीवर हात टेकून उभे राहायचे आणि बाभळीच्या दिशेला बघायचे. त्यांना कुणी विचारलं नाही. काकूंना मात्र एकीनं विचारलं, "गयाबाई, तुमी कुठं निघाल्या?"

"मला कुठं जायचं न्हाई," काकू म्हणाल्या. "मी आणायला आलेय."

त्या बाईनं लगेच लुगड्याचा पदर सारखा केला आणि विषय बदलला. सगळा फलाट एकदम दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागला. मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

"कुणाला आणायला, काकू?"

काकू गुरुजींच्या पाठीकडं बघत होत्या. आवाज हळू करून त्यांनी सांगितलं.

त्यांना एकच मुलगा, अंगद. मॅट्रिकच्या परीक्षेला बसला तेव्हा वर्गावर देखरेखीला वडीलच होते. अंगदच्या बाहीत चिठ्ठी सापडली. दुसऱ्या कुणी असतं तर कान पिळून सोडलं असतं. गुरुजींनी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, वर कळवलं, तीन वर्षं त्याला परीक्षेला बसता आलं नसतं. त्याच दुपारी पोरानं पिशवी भरली.

"मी दारात आडवी झाले. म्हणलं, कधी येशील ते तरी सांग. तर ह्यांच्याकडं बघून म्हणला, रेल्वे आल्यावर."

आमच्याकडं लहान पोरांना 'पुढच्या वर्षी' म्हणतात तसं त्या भागात 'रेल्वे आल्यावर' म्हणायची पद्धत होती. उसने दिलेले परत कधी? रेल्वे आल्यावर. पोरीचं लग्न कधी? रेल्वे आल्यावर. म्हणजे कधीच नाही.

"समद्यांना कळलं, ते रागानं बोललं पोर," काकू म्हणाल्या. "पर हे गणिताचे मास्तर. ह्यांनी ती अट धरली. दुसऱ्या महिन्यात तालुक्याला अर्ज देऊन आले. लोकांना वाटलं, काय समाजाचा कळवळा हाय माणसाला."

"अंगद कुठं आहे आता?"

"सुरतेला. साड्यांच्या गिरणीत. लगीन झालं, लेकरं झाली. माझ्या भावाच्या घरी लग्नकार्यात मला दोनदा भेटला. माझ्याशी चांगलं बोलतो. घरी चल म्हणलं की हसतो. कामून हसतो, ते मला कळतं. त्याला वाटतं, बापानं एकदा तरी बोलवावं. आन् बापाला वाटतं, अट पुरी झाल्याबिगर बोलवायचं कुठल्या तोंडानं."

गुरुजी अजूनही बाभळीकडं बघत उभे होते. त्यांच्या अंगावरचं शेवटचं ऊन निवळत गेलं.

युनिट आलं. निशिकांत सरांनी सेट पाहिला, भिंतीवरच्या त्या सावल्यांच्या रांगेसमोर बाकावर बसले आणि बसूनच राहिले. कॅमेरामननं काहीतरी विचारलं, तर त्याला हातानं थांब म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पहिला शॉट इथे. कीर्तनेंना फोन नको."

त्याच दिवशी सरपंच नारळ घेऊन आले. शूटिंग झाल्यावर सेट मोडू नका म्हणाले. गावाची शोभा होईल, लांबून लोक बघायला येतील, ग्रामपंचायत देखभाल करेल. निर्माता तयार झाला. सर म्हणाले, हेमांगी म्हणेल तसं. मी काय म्हणणार! पक्क्या विटा लावून भिंती कशा टिकवायच्या, छपराला खालून कसा आधार द्यायचा, रात्री डोळे मिटले तरी माझ्यासमोर तेच. आईला आणायचं, फलाटावर बसवायचं आणि म्हणायचं, हे बघ. हे माझं आहे आणि हे आहे.

गाडी येण्याचा प्रसंग शेवटी ठेवला होता. गाडी म्हणजे एकच डबा, तोही तीन भिंतींचा. कॅमेऱ्याला दिसणारी बाजू पूर्ण, पलीकडची उघडी. खाली रबरी चाकं, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बाहेर उभा असलेला ट्रॅक्टर तो तारेनं ओढणार. धूर मशीनचा. आत गावातली माणसं जुन्या काळचे कपडे घालून बसली होती. त्यांनी उतरायचं, घ्यायला आलेल्यांना भेटायचं आणि निघून जायचं. मग रिकाम्या फलाटावर एकटा स्टेशनमास्तर उरायचा. गुरुजींना सरांनी दोनदा विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. ते कॅमेऱ्याच्या मागं, काकूंच्या शेजारी उभे होते.

ऊन कलल्यावर सर म्हणाले, "अॅक्शन."

घंटा वाजली. धुराचा लोट बाभळीकडून पसरत आला आणि त्याच्यातून डबा निघाला. मला माहीत होतं तो कशाचा आहे. प्रत्येक खिळा मला माहीत होता. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण फलाटावरची सगळी माणसं एका वेळी उठून उभी राहिली होती. ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

डबा थांबला. माणसं उतरली. कुणी पाया पडलं, कुणी गाठोडं घेतलं, पोरांना कडेवर घेतलं. हळूहळू पांगली. धूर खाली बसत चालला.

आणि मग गुरुजी चौकटीत शिरले.

माझ्या शेजारून ते कधी निघाले कळलंच नाही. सावकाश चालत ते डब्यापाशी गेले. पहिल्या खिडकीतून आत पाहिलं. दुसऱ्या खिडकीतून पाहिलं. कॅमेरामननं सरांकडं मान वळवली. सरांनी बोट ओठांवर ठेवलं. कॅमेरा चालू राहिला. गुरुजी एकेक खिडकी बघत शेवटच्या दारापाशी पोचले. दांडीला धरून त्यांनी आत डोकावलं. आतून पलीकडचं सगळं दिसत होतं, उघडा माळ, तार, ट्रॅक्टर आणि बिडी ओढत बसलेला त्याचा चालक. गुरुजी तसेच उभे राहिले. स्टेशनमास्तरचं काम करणारा नट हातात हिरवं निशाण घेऊन खराच थिजला होता.

मग ते वळले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चालत काकूंपाशी आले आणि त्यांच्या दंडाला धरलं. "बसा थोडं," काकू म्हणाल्या, आणि ते बसले. त्या फलाटावरच्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते.

सर 'कट' म्हणाले ते मला ऐकूही आलं नाही. मी पाणी घेऊन गेले.

"माझ्यामुळं तुमचं वाया गेलं," गुरुजी म्हणाले.

"नाही, गुरुजी. सर ठेवणार आहेत ते."

ते पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. "बाई, हे कधी मोडणार?"

"मोडणार नाही," मी उत्साहानं म्हणाले. "सरपंच म्हणाले तुम्हाला? कायमचं ठेवणार आहोत. विटांनी पक्कं करून."

"मोडा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हे उभं राहिलं तर मी रोज येईन," गुरुजी म्हणाले. "मी कसला माणूस आहे ते मला माहीत आहे. मरेपर्यंत येईन, आणि हिला घेऊन येईन."

काकू नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी त्या भिंतीकडं पाहिलं, छपराकडं, पाटीकडं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

सरपंच चिडले. गावाच्या मालमत्तेचं मुंबईची बाई कोण ठरवणार, इथपर्यंत गोष्ट गेली. मी शेवटी सांगितलं की गुरुजींची इच्छा आहे. सरपंच थबकले. ते गुरुजींचे विद्यार्थी, अंगदच्याच वर्गातले. परीक्षेच्या त्या दिवशी मागच्या बाकावर बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "बरं. पाटी तेवढी आधी काढा. ती मोडताना गाव बघणार न्हाई."

पाटी मी स्वतः काढली.

मोडायला बांधण्यापेक्षा फार कमी वेळ लागतो. दुपारपर्यंत ट्रक भरला. माळ पुन्हा पहिल्यासारखा झाला होता आणि कुठंतरी लावा पक्षी ओरडत होता. मी जीपमध्ये बसणार तोच बांधावरून ते दोघं येताना दिसले. काकूंच्या अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं, हातात कापडी पिशवी. गुरुजींच्या खांद्याला वळकटी.

"तुम्ही मुंबईला चाललात ना?" गुरुजींनी विचारलं. "तिथून सुरतेला गाड्या आहेत असं वाचलंय."

मी काकूंकडं पाहिलं.

"त्यो येईना तर आपुन जावं," काकू म्हणाल्या, जणू भाजी आणायला निघाल्यात.

"हे आधी कधी सुचलं नाही तुम्हाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला पहिल्या दिशीच सुचलं हुतं," त्या जीपमध्ये चढत म्हणाल्या. "ह्यांना सुचायची वाट बघत हुते."

गुरुजी समोर बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

प्रवासात गुरुजींनी एकदा मला विचारलं, "पोरानं दार लावून घेतलं तर काय करायचं असतं?" मला मूल नाही, तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. मी म्हणाले, "बाहेर थांबायचं, गुरुजी." ते म्हणाले, "ते मला जमतं."

ते दोघं रात्री माझ्याकडं राहिले. माझ्या आईनं काकूंची ओटी भरली. सकाळी मी त्यांना बोरिवलीला सुरतेच्या गाडीत बसवून दिलं. गाडी आत आली तशा काकू दोन पावलं मागं सरकल्या आणि माझा हात घट्ट धरला.

"किती येळ थांबती ही?"

"दोन-तीन मिनिटं."

"बास?" त्या म्हणाल्या. "एवढुशासाठी तीस वर्षं!" आणि हसत हसत वर चढल्या. गुरुजींनी त्यांना खिडकीपाशी बसवलं.

सिनेमा चालला की नाही, हे इथं सांगण्यात अर्थ नाही. गुरुजींचा तो शॉट त्यात आहे, आणि त्यानंतर मी कधी कुणाची सहायक राहिले नाही. आईला मी तो सिनेमा दाखवला. ती त्या भिंतीकडं बघून म्हणाली, "ही जागा कुठली गं? आपण एकदा जाऊ." मी हो म्हटलं.

काकूंचा फोन मात्र ते दोघं सुरतेला गेल्यावर आठवड्याभरानंच आला होता. त्या फोनवर ओरडून बोलत होत्या, सुरत फार लांब आहे असं समजून.

"दार त्यानंच उघडलं," काकू सांगत होत्या. "आमाला बघून त्याला काय बोलावं सुचंना. मग ह्यांच्याकडं बघून म्हणला, आली का रेल्वे?"

"मग? गुरुजी काय म्हणाले?"

"हे म्हणले, न्हाई आली. आमीच आलो."

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला होता. "आणि मग, काकू?"

"मग काय. सून मागून म्हणली, दारात कामून उभं केलं, पाय धुवा, पिठलं गार व्हायलंय." पलीकडं मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, लहान पोरं दंगा करत होती. "थांब, ठेवते आता," काकू म्हणाल्या. "हे नातवाला गणित शिकवायलेत. बघते जाऊन, ओरडतेत का ते."